मीटर बंद आहे? आधी केबल बघा! जुन्या मोटरसायकलचं मीटर बदलण्याचं काम आणि त्यातला धंदा



टू-व्हीलरचं दुकान टाकलं की पहिल्याच महिन्यात एक गिऱ्हाईक नक्की येतं. गाडी स्टँडवर लावतं आणि म्हणतं, "भाऊ, मीटर बंद हाय. काटा हालतच नाही. नवीन टाकून द्या, किती लागन?"

आता इथे तुमची परीक्षा आहे. गिऱ्हाइकानेच रोग सांगितला आणि औषधही सांगितलं. तुम्ही फक्त "हो" म्हणायचं आणि मीटर विकायचं. सोपं वाटतं ना? पण याच सोप्या कामात नवीन मेकॅनिक पैसे गमावतो आणि नावही गमावतो. व्हिडिओत मी हे काम हाताने करून दाखवलं आहे. त्यामागचा हिशोब आणि कारणं व्हिडिओत घाईघाईत गेली, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आजचा मुद्दा एकच आहे. फिरणं कुठे थांबलं ते आधी शोधा, मगच पार्ट बदला. आणि मीटर बदललंच, तर जुना आकडा बिलावर लिहिल्याशिवाय गाडी दुकानाबाहेर सोडू नका.

आपल्याकडे हे काम इतकं का येतं?

वऱ्हाडातल्या खेड्यापाड्यात जुन्या गाड्या भरपूर आहेत. हिरो होंडाची सीडी १०० ही १९८५ ची, स्प्लेंडर १९९४ ची. २०११ साली कंपनीचं नाव हिरो मोटोकॉर्प झालं. म्हणजे टाकीवर "हिरो होंडा" लिहिलेली जी गाडी तुमच्यासमोर उभी आहे, ती दहा-बारा वर्षांहून जुनी आहे हे न विचारता कळतं. जोडीला बजाजच्या आणि टीव्हीएसच्या जुन्या गाड्या आहेतच. यातल्या बहुतेक गाड्यांना केबलवर चालणारं मीटर आहे.

आता या गाड्या चालतात कुठे, ते बघा. दर्यापूर, अकोट, बाळापूरकडची काळी माती पावसाळ्यात चाकाला अशी चिकटते की मडगार्ड आणि टायरच्या मधे बोटही जात नाही. तो चिखल आणि पाणी पुढच्या हबमध्ये शिरतं. उन्हाळ्यात पारा ४४-४५ वर जातो, केबलमधलं ग्रीस सुकतं, मीटरची काच पिवळी पडते. वरून पांदण रस्त्याचे धक्के. मग मीटर बंद पडणारच.

आणि बंद मीटर ही फक्त शोभेची अडचण नाही. इंजिन ऑइल कधी बदलायचं ते किलोमीटरवर ठरतं. मीटर बंद म्हणजे अंदाजपंचे काम, आणि तो अंदाज चुकला की खर्च इंजिनवर येतो. ज्याला कंपनीकडून पेट्रोलचे पैसे किलोमीटरवर मिळतात, अशा वसुलीवाल्या किंवा औषध कंपनीच्या पोराचा तर महिन्याचा हिशोबच अडतो. शिवाय गाडीला १५ वर्षं झाली की पुन्हा नोंदणीसाठी आरटीओत न्यावी लागते. अमरावतीची एमएच-२७ असो की अकोल्याची एमएच-३०, तपासणीला मीटर बंद असेल तर गिऱ्हाइकाला हेलपाटा पडू शकतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ११७ वा नियम स्पीडोमीटरबद्दलच आहे. म्हणून पासिंगच्या आधी हे काम हमखास येतं.

मीटर चालतं कसं? दोन मिनिटांत समजून घ्या

हे समजलं नाही तर पुढचं सगळं पाठांतर होईल.

पुढच्या चाकाच्या हबमध्ये, ब्रेक प्लेटच्या आत, एक छोटी गरारी असते. तिला आपल्याकडे मीटर गरारी किंवा मीटर वर्म म्हणतात. चाक फिरलं की ती फिरते आणि केबलच्या आतली तार फिरवते. बाहेरची काळी नळी जागेवरच राहते. ती तार वर मीटरमध्ये जाते.

मीटरच्या आत त्या तारेवर एक चुंबक फिरतं. चुंबकाभोवती अ‍ॅल्युमिनियमची छोटी वाटी असते आणि वाटीला काटा जोडलेला असतो. गंमत अशी की चुंबक वाटीला कुठेही टेकत नाही. चुंबक फिरलं की वाटीत विजेचे भोवरे तयार होतात आणि वाटी चुंबकाच्या मागे ओढली जाते. एक बारीक स्प्रिंग तिला मागे खेचून धरते. वेग जास्त, तेवढी ओढ जास्त, तेवढा काटा वर. जर्मनीतल्या ओटो शुल्झे यांनी या तत्त्वाचं पेटंट १९०२ साली घेतलं होतं. शंभर वर्षांनंतरही आपल्या स्प्लेंडरमध्ये तेच तत्त्व आहे.

किलोमीटरचे आकडे मात्र वेगळ्या पद्धतीने चालतात. ते त्याच तारेवरून पण दातेरी चाकांनी फिरतात. म्हणजे काटा आणि आकडे, दोघांचा मालक एक, पण रस्ते दोन. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढचं निदान यावरच आहे.

निदान: लक्षण बघा, दोष ओळखा

• काटा बंद आणि आकडेही बंद: दोष बहुधा मीटरच्या खाली आहे. तार तुटली किंवा गरारी गेली.

• आकडे चालू, काटा बंद: तार आणि गरारी ठीक आहे. दोष मीटरच्या आत.

• काटा चालू, आकडे बंद: मीटरमधली प्लॅस्टिकची गरारी झिजली. दोष आतच.

• काटा थरथरतो: तार कोरडी पडली, केबल कुठेतरी मुडपली किंवा तारेचे पदर सुटले.

• किरकिर आवाज: बहुतेक वेळा कोरडी केबल.

• काटा वरच अडकतो: केबलला जास्त ग्रीस लावलं आणि ते चढून मीटरमध्ये गेलं, असं बऱ्याचदा निघतं. म्हणजे आधीच्या मेकॅनिकची कृपा!

आता खात्री कशी करायची? पाच मिनिटांचं काम आहे. मीटरच्या खालचा केबलचा नट हाताने सोडवा आणि केबल मोकळी करा. तारेचं टोक दिसेल. आता गाडी चार पावलं पुढे ढकला आणि टोकाकडे बघा.

टोक फिरलं? मग केबल आणि गरारी चांगली आहे, दोष मीटरमध्ये. टोक नाही फिरलं? मग चाकाकडचा स्क्रू काढून केबल खालूनही सोडवा आणि तार बाहेर ओढा. तुटलेली असेल तर दोन तुकडे हातात येतील. तार सलग निघाली, तर गाडी पुन्हा ढकलून हबमधली गरारी फिरते का बघा. नाही फिरली तर चाक खोलावं लागेल.

मीटरचीही एक साधी परीक्षा आहे. जुन्या तारेचा एक तुकडा मीटरच्या भोकात बसवा आणि दोन बोटांनी झटकन फिरवा. मीटर जिवंत असेल तर काटा थोडा उसळतो. ही परीक्षा गिऱ्हाइकाच्या डोळ्यासमोर करा. "बघा भाऊ, मीटर चांगलं आहे, तार तुटली" असं तुम्ही सांगितलं आणि दाखवलं, की तो माणूस पुढची दहा वर्षं तुमचा.

काम करताना: कुठे चुकतं

*केबल बदलताना.* नवीन केबल जुन्याच्या शेजारी धरून लांबी आणि दोन्ही टोकं जुळवा. तार बाहेर काढून पुसा, हलकं ग्रीस लावा, पण वरची चार बोटं कोरडी सोडा. नाहीतर ग्रीस वर चढतं आणि मीटर खातं. केबल मूळच्या क्लिपमधूनच न्या. टोक बसत नसेल तर दाबू नका, चाक किंचित फिरवा, आपोआप बसेल. शेवटी हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून बघा. केबल ताणली किंवा मुडपली तर ती सहा महिन्यांत परत येणार, आणि सोबत गिऱ्हाईक रागावून येणार.

*गरारी बदलताना.* इथे पुढचं चाक निघतं, म्हणजे काम ब्रेकचं आहे हे विसरू नका. जुन्या स्प्लेंडरला पुढे ड्रम ब्रेक आहे. ग्रीस गरारीला लावा, ब्रेक लायनरला त्याचा स्पर्शही नको. जोडताना गरारीचे कान हबच्या खाचेत बसले का ते बघा. न बसताच अ‍ॅक्सल आवळला तर कान वाकतात आणि नवी गरारी त्याच दिवशी जाते. सर्वात महत्त्वाचं म्हणजे ब्रेक प्लेटची खाच फोर्कच्या टोकात अडकली पाहिजे. ती नाही अडकली तर ब्रेक मारल्यावर अख्खी प्लेट फिरेल आणि माणूस पडेल. गाडी देण्याआधी चाक हाताने फिरवा, ब्रेक दाबा, मग स्वतः चालवून बघा. मीटरच्या कामात कुणाचा जीव जाता कामा नये.

*मीटर बदलताना.* सगळ्यात आधी दोन फोटो: एक जुन्या आकड्याचा, एक मीटरमागच्या वायरींचा. मग चावी बंद. व्हायझर किंवा हेडलाइट सोडवा, केबल काढा, बल्बचे रबरी होल्डर ओढून काढा. पेट्रोल काटा असेल तर त्याचं कनेक्शन काढा. मीटर धरणारे नट सोडवताना रबर वॉशर सांभाळा. हे रबर धक्के सोसतात. ते कडक झाले असतील तर नवे टाका, नाहीतर नवं मीटरही थरथरून जाईल. जोडून झालं की न्यूट्रल, इंडिकेटर, हाय बीम आणि पेट्रोल काटा, एकेक लावून बघा.

मीटर त्याच मॉडेलचं घ्या. दिसायला सारखं आहे म्हणून दुसऱ्या गाडीचं बसवलं, तर गरारी आणि मीटरचं गुणोत्तर जुळेलच असं नाही. मग वेगही चुकीचा आणि किलोमीटरही. टायरचंही तसंच. जुन्या स्प्लेंडरचं पुढचं टायर २.७५-१८ चं आहे. कुणी वेगळ्या मापाचं टाकलं असेल तर मीटर खोटं बोलणार, दोष तुमच्यावर येणार.

मीटर खरं सांगतं का? हायवेवर तपासा

याला मशीन लागत नाही. अमरावती-अकोला रस्ता, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ५३, आपल्या दाराशी आहे. हाच तो रस्ता, जिथे जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरणाचा गिनीज विक्रम झाला. किलोमीटरचे दगड लागोपाठ दिसतील असा सरळ तुकडा निवडा. मागे एका पोराला घड्याळ देऊन बसवा. चालवताना स्वतः मोबाइल बघायचा नाही!

काटा ४० वर स्थिर ठेवा आणि एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत किती सेकंद लागले ते मोजा. ३६०० ला त्या सेकंदांनी भागा. ९० सेकंद लागले तर बरोबर ४०. १०० सेकंद लागले तर खरा वेग ३६, म्हणजे मीटर चार जास्त दाखवतंय. मीटर थोडं जास्त दाखवणं चालतं, कमी दाखवणं धोक्याचं. आकडेही त्याच वेळी तपासा: पाच दगड गेले की मीटरवर पाच किलोमीटर वाढले पाहिजेत.

आता धंद्याचं गणित

बरेच जण म्हणतात, "सर, केबल टाकून काय मिळतं? मीटर विकलं तर जास्त सुटतं." चला, हिशोब करू. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या गावचे भाव तुम्ही टाका.

केबल: खरेदी १३० रुपये, विक्री १८०, मजुरी ७०. सुटले ५० अधिक ७०, म्हणजे १२० रुपये. वेळ २० मिनिटं.

मीटर: खरेदी ६५० रुपये, विक्री ८००, मजुरी १५०. सुटले १५० अधिक १५०, म्हणजे ३०० रुपये. वेळ एक तास.

एका कामाला बघितलं तर मीटर भारी दिसतं. पण तासाला बघा. केबलची तीन कामं एका तासात होतात, म्हणजे ३६० रुपये. मीटरचे ३००. शिवाय मीटरमध्ये तुमचे ६५० अडकतात, केबलमध्ये १३०. बीबीएला आम्हाला हेच शिकवलं होतं: नफा कामाला मोजू नका, तासाला आणि अडकलेल्या पैशाला मोजा. तेव्हा परीक्षेपुरतं पाठ केलं, दुकानात बसल्यावर कळलं.

आणि चुकीचं निदान केलं तर? दोष गरारीत होता आणि तुम्ही मीटर विकलं. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत. आता चाक खोलायची मजुरी मागायला तोंड नाही. एक तास फुकट गेला, आणि तो माणूस चहाच्या टपरीवर काय सांगेल ते वेगळंच.

म्हणून तीन सवयी लावा:

१. तपासणीचे पैसे वेगळे सांगा. "तपासायचे ३० रुपये, काम इथेच केलं तर ते बिलात वळते." सुरुवातीला तोंड अवघडतं, मग सवय होते. फुकट तपासणी केली की मग ती मीटर विकून वसूल करायचा मोह होतो. दोष त्या मोहाचा आहे.

२. एक महिना वहीत लिहा, कोणत्या मॉडेलचं काम किती वेळा आलं. जे तीन मॉडेल वर येतील त्यांच्याच केबल आणि गरारी स्टॉकमध्ये ठेवा. मीटर स्टॉकमध्ये ठेवू नका, लागेल तेव्हा मागवा.

३. ओरिजनल आणि लोकल, दोन्हीचे भाव सांगा आणि बिलावर जे टाकलं तेच लिहा. निवड गिऱ्हाइकाची, खरं सांगायची जबाबदारी तुमची.

जुना आकडा: माझी चूक सांगतो

हे व्हिडिओत सांगितलं नव्हतं. दुकान टाकलं त्या पहिल्या वर्षातली गोष्ट आहे. एका माणसाची जुनी गाडी आली, मीटर खरंच आतून गेलं होतं. मी नवीन टाकलं. बिलावर लिहिलं, "मीटर १ नग". पैसे घेतले, विषय संपला.

चार-पाच महिन्यांनी तीच गाडी घेऊन एक वेगळाच पोरगा आला. इंजिनमधून खडखड आवाज येत होता. म्हणाला, "दादा, गाडी तं कमीच चालेल हाय, मंग आवाज काऊन येते?" मीटरवर साडेतीन हजारच्या आसपास किलोमीटर होते. विकणाऱ्याने त्याला सांगितलं होतं की गाडी म्हाताऱ्या बापाची, घरातच उभी असायची. पोराने कपाशीच्या पैशातून गाडी घेतली होती. नवं मीटर पाहून त्याने भाव जास्त दिला होता.

ते मीटर माझ्याच हाताचं होतं. मी ते ओळखलं आणि त्याला खरं सांगितलं. तो मला काही वाईट बोलला नाही. फक्त एवढंच म्हणाला, "तुमी बिलावर लिवलं असतं तं म्या बिल मागतलं असतं ना." मी कुणाला फसवलं नव्हतं. पण ज्याने फसवलं त्याला अवजार माझ्या दुकानातून मिळालं होतं. त्या दिवशी इंजिनच्या कामाची मजुरी मी घेतली नाही, पार्टचेच पैसे घेतले. त्याने त्याचं नुकसान भरून निघालं असं मात्र नाही.

त्या दिवसापासून माझ्या दुकानात नियम आहे. मीटर बदललं की बिलावर चार गोष्टी येतात: तारीख, गाडी नंबर, जुन्या मीटरचा शेवटचा आकडा, नव्या मीटरचा पहिला आकडा. त्याचीच एक चिठ्ठी सीटखाली चिकटवतो. बिलाची कार्बन कॉपी आणि जुन्या मीटरचा फोटो माझ्याकडे राहतो. जुनं मीटर गिऱ्हाइकाला परत देतो. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: जुन्या मीटरवर किलोमीटरचे पाचच आकडे असतात. ९९,९९९ नंतर ते पुन्हा शून्यावर येतं. म्हणून वीस वर्षं रोज चाललेल्या गाडीवर १२,००० दिसले तरी ते १२,००० असतीलच असं नाही. बिलावर "मीटरवर दिसलेला आकडा" असं लिहा.

कधीतरी कुणी सरळच म्हणेल, "भाऊ, गाडी विकायची हाय, आकडा जरा कमी करून द्या, वरून पाचशे घ्या." पाचशे रुपये पाच मिनिटांत. नाही म्हणा. मुद्दाम आकडा फिरवून गाडी विकणं ही सरळ फसवणूक आहे. लोक जिला "चारसोबीस" म्हणतात ते कलम आता भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे. कायदा बाजूला ठेवा, गावाचा विचार करा. आपली गावं लहान आहेत. आज ज्याची गाडी विकली गेली, उद्या ती घेणारा सर्व्हिसिंगला तुमच्याच दारात येणार. माझ्याकडे आला तसाच.

या आठवड्याचं काम

घरातली किंवा शेजाऱ्याची एक जुनी गाडी घ्या. मीटर चालू असलं तरी चालेल. केबल वरून सोडा, गाडी ढकला, तार फिरताना डोळ्यांनी बघा. मग केबल काढून पुसून, ग्रीस लावून परत बसवा आणि वेळ मोजा. पहिल्यांदा पाऊण तास लागेल, पाचव्यांदा वीस मिनिटं. बिलबुक छापायचं असेल तर त्यात "जुना आकडा" आणि "नवा आकडा" असे दोन रकाने आत्ताच टाकून घ्या. छपाईला जास्त पैसे लागत नाहीत.

दुकान टाकायला भांडवल लागतं, जागा लागते, हे खरं आहे. पण "मीटर चांगलं आहे भाऊ, फक्त तार तुटली" हे वाक्य बोलायला काहीच लागत नाही. माझ्याकडे आजही जी जुनी गिऱ्हाइकं टिकून आहेत, त्यातली बरीच अशाच एखाद्या वाक्याने जोडली गेली आहेत.

भेटू पुढच्या व्हिडिओत. कामाला लागा!